विचारा मावशींना: प्रीतीला अट नाही, मग कपाटाला कुलूप का?

प्रश्न : मावशी, माझ्या धाकट्या भावानं दारूपायी आईच्या बांगड्या विकल्या आणि घर सोडलं. आई गेली तेव्हाही आला नाही. आता दारात उभा आहे, "सुधारलो" म्हणतो. पण सकाळी हात थरथरतात. रविवारी पाळकसाहेबांचा उपदेश निरपेक्ष प्रीतीवर होता. मंडळीतल्या बाया म्हणतात, "ख्रिस्ती ना तू, मग अटी कशाला घालते?" नवरा म्हणतो, उंबरा ओलांडू द्यायचा नाही. मला तर त्याचं तोंड पाहिलं की संताप येतो. माझा विश्वास कमी पडतो का?
– एक बहीण, मोहननगर, नागपूर

उत्तर : संतापावरून विश्वास मोजू नकोस, बाई. बायबलात लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात गोष्ट आहे: धाकटा मुलगा आपला वाटा घेऊन गेला, उडवून परत आला आणि बापानं मेजवानी घातली. तेव्हा थोरला मुलगाही असाच चिडून बाहेर उभा राहिला होता. आपण उधळ्या पोराकडे धावत गेलेला बाप तेवढा लक्षात ठेवतो. त्याच मेजवानीतून उठून तो बाप थोरल्याची समजूत घालायलाही अंगणात आला, त्याला रागावला नाही. पुढं थोरला आत गेला की नाही, हे लूक सांगतच नाही. मला ते फार आवडतं.

आणि त्या बायांना एक दाखव. पोरगा पुरती माफीही मागू शकला नाही, तोवर बापानं झगा, अंगठी, जेवण सगळं दिलं. तिथं अट नाही. पण वाटणी आधीच झाली होती. "जे माझं ते सगळं तुझंच," असं तो थोरल्याला सांगतो. उडवलेला वाटा धाकट्याला पुन्हा मिळाल्याचं कुठं लिहिलेलं नाही. तेव्हा भावाला ताट वाढ, पलंग दे, नावानं हाक मार. कपाटाची किल्ली मात्र तुझ्याकडं राहू दे. त्यानं प्रीती कमी होत नाही.

रोख पैसा हातात देऊ नकोस. येशूच्या दाखल्यात वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या त्या शोमरोन्यानं दोन दीनार दिले ते उतारशाळेवाल्याला, वरचा खर्च परतताना देईन म्हणाला. तूही औषधाचे पैसे थेट मेडिकल स्टोअरवर दे. प्रेषित पौल करिंथकरांना पत्रात लिहितो की प्रीती अपकार स्मरत नाही. तिथंच पुढं म्हणतो, ती सत्यात आनंद मानते. म्हणून बांगड्यांचं उट्टं काढू नकोस, पण काही झालंच नाही असंही दाखवू नकोस. एकदा त्याला समोर बसवून सांग: बांगड्या तू विकल्यास, मला ते लागलं.

मन लगेच निवळलं नाही तरी घाबरू नकोस. आपल्या सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये 29 नोव्हेंबर 1970 ला सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्याची बोलणी 1929 पासून चालली होती. दर रविवारी प्रीतीचा उपदेश करणाऱ्यांना एका मेजावर यायला चाळीस वर्षं लागली. तुला चार महिने लागले तर काय बिघडलं?

आता माझ्या धंद्याचं बोलते, कारण थरथरणाऱ्या हातांची मला जास्त काळजी आहे. माझी नोकरी सगळी वॉर्डात गेली. रोज पिणाऱ्यानं एकाएकी तोडली की पहिल्या दोन-तीन दिवसांत भास होतात, फिट येते, जीवावरही बेततं. बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायला लावणं, कोंडून ठेवणं, असले उपाय घरी नकोत. मेयो रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत ने आणि शेवटचा घोट कधी घेतला ते डॉक्टरला खरं सांगायला लाव. तोल गेला, बरळू लागला किंवा फिट आली तर ओपीडीची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टीत. पुढं दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या गटाच्या सभा आहेत, फी नाही. पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-अॅनॉन वेगळं असतं, तिथं तू जा.

नवऱ्याशी उंबऱ्यावरून वाद घालत बसू नकोस. त्याला म्हण, "उद्या मेयोत जायचंय, गाडी काढा."