संगणक-शंका : परत मिळालेल्या फायली दुसऱ्या प्रणालीवर नेताना

प्रश्न : आमच्या नाट्यमंडळाच्या संहिता, जत्रेतील प्रयोगांची छायाचित्रे आणि तालमींची ध्वनिमुद्रणे ज्या विंडोज संगणकात होती, त्याची हार्ड डिस्क पावसाळ्यात बंद पडली. मडगावातील एका डेटा रिकव्हरीवाल्याने बहुतेक फायली काढून नव्या एक्स्टर्नल डिस्कवर भरून दिल्या. आता मंडळाने मॅक घेतला आहे. त्यावर डिस्क उघडते, पण तिच्यात काही ठेवता येत नाही की नावे बदलता येत नाहीत. शिवाय जुन्या संहिता उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात. डिस्क मॅकसाठी फॉरमॅट करावी का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : कृपया फॉरमॅट करू नये. मंडळाच्या इतक्या वर्षांच्या कामाची आज तेवढी एकच प्रत उरली आहे, आणि फॉरमॅट केल्यास तीही हातची जाईल. आपली डिस्क विंडोजच्या एनटीएफएस या पद्धतीने आखलेली असणार. मॅक अशी डिस्क वाचतो, पण स्वतःहून तिच्यावर लिहीत नाही. तिच्यावर लिहू देणारी सॉफ्टवेअर मिळतात, तरी या डिस्कसाठी ती घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याला फायली डिस्कवरून मॅकमध्ये आणायच्या आहेत आणि त्यासाठी वाचता येणे पुरेसे आहे. लिहिता येत नाही, तोवर चुकून काही पुसले जाण्याची भीतीही नाही.

संपूर्ण फोल्डर जसाच्या तसा मॅकमध्ये उतरवावा, त्याची आणखी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर करावी, आणि मूळ डिस्क नाव-तारीख लिहून कोरड्या जागी ठेवून द्यावी. नावे बदलणे, वर्षवार लावणे, नको ते काढणे ही सगळी कामे मॅकमधील प्रतीवर करावीत. बंद पडलेली जुनी डिस्क पुन्हा चालू झाली, तरी तिच्यावर काहीही साठवू नये.

प्रत पूर्ण उतरली की नाही, हे पाहताना आकड्यांनी गोंधळ होतो. विंडोज १०२४ च्या पटीने जीबी मोजते, तर मॅक २००९ पासून १००० च्या पटीने मोजतो. त्यामुळे १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये सुमारे ९३१ जीबीची दिसते. म्हणून फायलींची संख्या आणि बाइटमधील आकार ताडून पाहावा. महत्त्वाच्या संहितांसाठी त्याहून पक्की खूण हवी असल्यास दोन्ही प्रतींचा एसएचए-२५६ हा चेकसम, म्हणजे फायलीतील मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, काढून ताडावा. फायलीतील एक अक्षर जरी बदलले, तरी तो वेगळा येतो. दोन्ही प्रणालींत तो काढण्याची सोय मुळातच असते.

रिकव्हरीत फोल्डरांची मूळ रचना सापडली नसेल, तर पुष्कळ फायलींना नावांऐवजी नुसते क्रमांक मिळालेले असतील. अशा फायलीची दिसणारी तारीख बहुधा रिकव्हरीच्या दिवसाची असते, तिच्यावर विसंबू नये. डिजिटल कॅमेऱ्याने काढलेल्या छायाचित्राच्या पोटात मात्र ते टिपल्याची तारीख आणि वेळ नोंदलेली असते. कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर लावलेले असेल, तर तीवरून कोणते चित्र कोणत्या जत्रेचे, हे ठरवता येते.

मराठी नावांबाबत एक बारकावा मुद्दाम सांगतो, कारण तो सहसा कोणी सांगत नाही. ‘दुसऱ्या अंकाचे संवाद’ या नावातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांतील अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, दोन प्रकारे साठवता येतो : एकसंध अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता (टिंब) असे दोन भाग करून. मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत नावे सुटी करून ठेवत असे; २०१७ पासूनच्या एपीएफएसमध्ये नाव दिले तसे राहते. पोर्तुगीज नावांतील चिन्हांकित अक्षरांचेही असेच होते. फायली जुन्या मॅक डिस्कवरून फिरून विंडोजवर परत गेल्या, तर एकाच नावाच्या दोन फायली शेजारी-शेजारी दिसू शकतात. नाव सारखे म्हणून एक पुसून टाकण्यापूर्वी दोन्ही उघडून पाहाव्यात.

जुन्या संहिता बिघडलेल्या नसण्याचीच शक्यता अधिक आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती, शिवाजी यांसारख्या फाँटमध्ये टंकन होत असे. त्यांत फायलीत इंग्रजी अक्षरांचेच संकेत साठवले जात आणि फाँट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवी. तो फाँट नव्या मॅकमध्ये नसल्याने आपल्याला संकेत उघडे दिसत आहेत. संहिता कोणत्या फाँटमध्ये टंकल्या होत्या, हे टंकन करून देणाऱ्याला विचारावे, तोच फाँट बसवून मजकूर वाचता येतो का ते पाहावे, आणि मग त्या फाँटसाठीच्या परिवर्तकाने युनिकोड प्रत करावी. रूपांतरात रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे हमखास चुकतात. म्हणून ज्याला पदे आणि संवाद तोंडपाठ आहेत, अशा मंडळातील जुन्या नटाकडून नवी प्रत एकदा वाचून घ्यावी, आणि मूळ फाइलही जपावी.

प्रश्न : पेन ड्राइव्हमध्ये भरपूर जागा असूनही ६ जीबीचा व्हिडिओ त्यावर जात नाही. (एक वाचिका, म्हापसा)

उत्तर : पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा असावा, त्यावर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल मावत नाही. आतला मजकूर आधी दुसरीकडे काढून ठेवावा आणि ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणलेली ही पद्धत विंडोज आणि मॅक दोन्हींना वाचता-लिहिता येते, आणि लिनक्सच्या कर्नेलमध्येही (त्या प्रणालीच्या गाभ्यात) ती २०१९ मधील ५.४ आवृत्तीपासून आहे. मात्र तिच्यात जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद, नसते. कॉपी चालू असताना वीज गेली किंवा ड्राइव्ह तसाच उपसला, तर फायली खराब होऊ शकतात. त्यामुळे इजेक्ट करूनच तो काढावा, आणि एक्सफॅटचा उपयोग ने-आण करण्यापुरता करावा. एकुलती प्रत त्यावर ठेवू नये.

प्रश्न : जुन्या मॅकची बॅकअप डिस्क विंडोजला जोडली की ‘फॉरमॅट करा’ असा संदेश येतो. (एक वाचक, डिचोली)

उत्तर : ‘कॅन्सल’ करावे. डिस्क ठीक असते, पण मॅकची पद्धत विंडोजला स्वतःहून वाचता येत नाही. ओळखीच्या कोणाचा मॅक मिळाल्यास डिस्क त्याला जोडावी, हव्या त्या फायली मॅकमध्ये उतरवाव्यात, आणि दोन्ही संगणक एकाच राउटरवर घेऊन फाइल शेअरिंगने त्या विंडोजमध्ये आणाव्यात. नेटवर्कवरून आणताना प्रत्येक संगणक आपापल्या डिस्कवर आपल्याच पद्धतीने लिहितो, त्यामुळे फॉरमॅटचा प्रश्न येत नाही. मॅकमध्ये चालणारी प्रश्नचिन्हे किंवा सरळ दुहेरी अवतरणचिन्हे फायलींच्या नावांत असतील, तर ती आधीच काढून टाकावीत, कारण विंडोजला ती चालत नाहीत.