शिमोनोसेकीनंतरचे सहा दिवस

प्रिय मित्रा,
अनेक उत्तम आशीर्वाद.

१८९४-९५ च्या चीन-जपान युद्धावरचं तुझं टिपण वाचलं. लढायांचा भाग नेटका उतरलाय. पण १७ एप्रिल १८९५ ला शिमोनोसेकीचा तह झाला आणि तिथेच तू थांबलास. माझ्या मते खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली.

तहात जपानला तैवान, पेंगहू बेटं, ल्याओतुंग द्वीपकल्प आणि २० कोटी तैल (तैल म्हणजे चिनी वजन) चांदीची भरपाई मिळाली. सहाच दिवसांनी, २३ एप्रिलला, रशिया, जर्मनी आणि फ्रान्सचे वकील टोकियोच्या परराष्ट्र खात्यात हजर झाले. ल्याओतुंग जपानकडे राहिलं तर चीनची राजधानी पेकिंगला कायमचा धोका, म्हणून ते सोडा, असं त्यांचं म्हणणं. भाषा मैत्रीची होती, मागे आरमार होतं.

आता मुत्सु मुनेमित्सुकडे नीट बघ. जपानचा परराष्ट्रमंत्री, पण क्षयाने खंगलेला आणि माइको गावी अंथरुणाला खिळलेला. पंतप्रधान इतो हिरोबुमी त्याला भेटायला तिथे गेला. सत्तांची परिषद बोलावून प्रश्न तिच्यापुढे ठेवावा, असा विचार हिरोशिमाच्या बैठकीत झाला होता. मुत्सुने तो हाणून पाडला. परिषद भरली की जो तो आपला मुद्दा पुढे रेटणार आणि सगळा तहच उसवणार, हे त्याने ओळखलं. त्याने दोन प्रश्न वेगळे केले: तीन सत्तांपुढे नमायचं, चीनपुढे तसूभरही नाही. ५ मे ला जपानने माघार कळवली, ८ मे ला चेफू या चिनी बंदरात चीनशी तहाच्या मंजुरीपत्रांची अदलाबदल झाली आणि तैवान हातात राहिलं. पराभवातून इतकं वाचवणारी मुत्सद्देगिरी मला फार थोड्या ठिकाणी दिसते.

चीनतर्फे तहाची बोलणी करणाऱ्या ली होंगझांगलाही न्याय दे. २४ मार्चला शिमोनोसेकीत एका जपानी तरुणाने त्याच्यावर गोळी झाडली. परक्या सत्तांना हस्तक्षेपाला निमित्त मिळेल या धास्तीने जपानने आधी नाकारलेली युद्धबंदी देऊ केली. जखमी म्हाताऱ्याला जे मिळालं ते बोलणी करून मिळत नव्हतं.

ब्रिटन या तिघांत का नव्हतं, याचा शोध तुझ्या टिपणात हवाच. तहाने चिनी बंदरांत कारखाने काढायची मुभा जपानला दिली, आणि आधीच्या करारांतल्या सवलत-समानतेच्या कलमामुळे ती इतर सत्तांनाही आपोआप लागू झाली. ब्रिटनला तह मोडण्यात काय लाभ होता? (मुंबईच्या गिरण्यांचं सूत तेव्हा मोठ्या प्रमाणात चीनला जायचं. त्या बाजूनेही कधी बघ.)

आणि कृपा करून ‘रशियाने चीनला वाचवलं’ हे वाक्य काढून टाक. १८९६ च्या गुप्त करारात रशियाने मांचुरियातून रेल्वे नेण्याचा हक्क घेतला, आणि १८९८ मध्ये ल्याओतुंगच्या ज्या पोर्ट आर्थर बंदरावरून जपानला हटवलं, तेच स्वतः भाडेपट्ट्याने घेतलं. जपानमध्ये तो अपमान कुणी विसरलं नाही.

टिपणाचा शेवट आता १९०२ च्या इंग्लंड-जपान युतीपर्यंत ने. नवा मसुदा तयार झाला की पाठव, समासात खुणा करून परत देईन.

तुझा,
सर