स्लॅब गळतो आणि न्हाणीची भिंत भर उन्हाळ्यातही ओली असते, आधी काय करावं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. घर 11 वर्षांचं, पावसाळ्यात मधल्या खोलीचा कोपरा ठिबकतो. न्हाणीमागची भिंत मात्र वैशाखातही ओली राहते आणि कमरेपर्यंत रंगाचे पोपडे सुटतात. एक मिस्त्री म्हणतो वरून केमिकल मारा, दुसरा म्हणतो आतून टाइल्स लावून टाका. माझं म्हणणं, सध्या दोघांनाही थांबवा. कोपऱ्याचं पाणी पावसाबरोबर येतं, भिंतीचं बारा महिने असतं. म्हणजे दुखणी दोन आहेत आणि दोन्हींचं मूळ अजून कोणी पाहिलेलं नाही.

त्याआधी एक तातडीचं. त्या ओल्या भिंतीवर लाइटचा बोर्ड असेल, किंवा ठिबकणारं पाणी पंख्याच्या हुकाजवळून येत असेल, तर मेन स्विच बंद करून वायरमनकडून ती लाइन आजच तोडून घ्या. स्लॅबमध्ये वायरींचे पाइप पुरलेले असतात, पाणी त्यांतूनच वाट काढतं. भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर पोरांना त्या खोलीत जाऊ देऊ नका. नंतर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. जमिनीकडे गळणारा करंट ओळखून तो क्षणात लाइट तोडतो. साधं एमसीबी ते काम करत नाही.

आता माझी हकीकत, कारण मी हे पैसे घालवून शिकलो. आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथं जमिनीतलं पाणी खारं असतं. 2009 मध्ये स्लॅबचं घर बांधलं. पाच वर्षांनी मागच्या खोलीच्या छताला ताटाएवढा डाग पडला. मी माणूस बोलावला, त्यानं अख्ख्या स्लॅबवर केमिकल मारलं, अठरा हजार घेतले. पुढच्या वर्षी डाग तिथंच. दुसऱ्यानं पुन्हा एक थर दिला, आणखी अकरा हजार. त्या वर्षी भाव वाढेल म्हणून कापूस त्याच खोलीत भरून ठेवला होता. दिवाळीनंतर एक दिवस वास आला, गंजीत कोपरापर्यंत हात घातला तर आतून गरम. वरचा कापूस पांढराशुभ्र होता. बाजूला सारला तर खाली पिवळा पडून गोळे झालेला, बोटाला चिकटत होता. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव मिळतो, 8 ते 12 मध्ये कपात होते आणि 12 च्या वर कापूस घेत नाहीत. आमच्या गाडीत मीटर खुपसलं तर आकडा 14 वर गेला. गाडी परत आणली आणि खाजगीत मिळेल त्या भावानं दिली.

मूळ सापडलं ते आईमुळं. एका दुपारी ती म्हणाली, "पाऊस कुठी हाय रे? तू मोटर लावली का हे टपकते." खरंच, आकाश कोरडं होतं. वर जाऊन पाहिलं तर टाकी भरली की ओसंडणारं पाणी टाकीखालच्या विटांच्या ओट्याच्या बुडाशी पडत होतं. तिथं कोबा (स्लॅबवर उतारासाठी घातलेला थर) आणि ओटा यांच्यात बोटभर फट होती. पाणी फटीतून कोब्याखाली शिरून स्लॅबच्या पाठीवरून उतारानं अकरा फूट जायचं आणि पंख्याच्या हुकाजवळ खाली यायचं. टाकीच्या ओव्हरफ्लोला पाइप लावून तो पन्हाळीत सोडला आणि ती फट भरली. साडेचारशे रुपयांत काम झालं. त्या एकोणतीस हजारांपेक्षा तो कापूस मला जास्त लागला, कारण वेचणीची मजुरी आधीच देऊन झाली होती.

आजोबांच्या कवेलूच्या घरात असं नव्हतं. वांदरांनी उड्या मारून कवेलू फोडला की थेंब त्याच्याच खाली पडायचा. काठीनं फुटका सरकवला, दुसरा बसवला, झालं. स्लॅबमध्ये पाणी एका जागी शिरतं आणि दुसऱ्या जागी दिसतं. म्हणून डाग पाहून औषध करू नका, पाणी कोणत्या वाटेनं येतं ती वाट शोधा.

ती शोधायला पैसे लागत नाहीत. डागाची कड पेन्सिलीनं आखा आणि बाजूला तारीख लिहा. डाग वाढला की पुन्हा आखा. कॅलेंडरवर रोज एवढंच टिपा: पाऊस किती झाला, मोटर कधी लावली, न्हाणीत कपडे कधी धुतले. पंधरा दिवसांत चित्र स्पष्ट होतं. पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांनी ठिबकायला लागत असेल तर पाणी कोब्याखाली साठून येतंय. पाऊस सुरू होताच धार लागत असेल तर भेग आरपार आहे, किंवा पन्हाळीचा पाइप भिंतीत फुटलाय.

तुमच्या मधल्या खोलीच्या कोपऱ्यासाठी स्लॅबवर जा. आधी पन्हाळीचं तोंड पाहा. आमच्याकडं कडुनिंबाचा पाला, पाखरांची पिसं आणि पोरांचा चेंडू, एवढ्यानं तोंड बुजतं आणि स्लॅबचं तळं होतं. ते साफ करून दोन बादल्या पाणी ओता. अर्ध्या तासानं जिथं पाणी साचून राहील तिथं खडूनं गोल काढा. उतार दर दहा फुटांना निदान एक इंच तरी हवा. मग पॅरापेटची (स्लॅबच्या कडेची बुटकी) भिंत आणि स्लॅब मिळतात तो कोपरा बघा. तिथं सिमेंटचा गोलावा (आमचे मिस्त्री त्याला गोला म्हणतात) नसेल किंवा सुटला असेल तर बहुतेक वेळा चोर तिथंच सापडतो. आपल्याकडं मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि पहिल्या सरीत तापलेला स्लॅब एकदम गार होतो. तापमानात 30 अंशांचा फरक पडला तर दहा मीटर लांबीचा स्लॅब सुमारे 3 मिलिमीटर लांब-आखूड होतो. त्याच्या टोकाशी बसलेली भिंत तेवढी हलत नाही, म्हणून सांधा फाटतो.

संशय पक्का करायला शेतातली रीत वापरा. झाडाला आळं करतो तसं चिकणमातीचं दोन इंच उंच आळं संशयाच्या जागेभोवती करा, पाणी भरा आणि दोन दिवस ठेवा. खाली डाग वाढला नाही तर आळं पुढं सरकवा. एकदम सगळा स्लॅब भरला तर गळतं एवढंच कळेल, कुठून ते कळणार नाही. खालून स्लॅबचे खपले पडून सळया उघड्या दिसत असतील तर मात्र पाणी भरू नका, आधी इंजिनिअरला दाखवा. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो. अशा स्लॅबला खालून प्लास्टर मारून घेणं म्हणजे जखमेवर रंग देणं आहे. तीन वर्षांनी तोच खपला पाळण्यावर पडतो.

जागा सापडली की भेग छिन्नीनं रुंद करा, धूळ काढा, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्यानं भरा, गोला नव्यानं मारा आणि मग वरून लेप. तो केमिकलवाला मिस्त्री इथं कामाचा आहे, पण त्याचा नंबर शेवटी येतो. काम मृगाच्या बरंच आधी काढा आणि सकाळी नऊपर्यंत आटपा. तापलेल्या स्लॅबवर मसाला पाणी सोडून जागेवरच तडकतो. सिमेंटच्या कामावर ओले बारदाने टाकून सात दिवस पाणी मारा, लेप मात्र ते पुरतं वाळल्यावरच. कोणी जुन्या कोब्यावर चार इंचाचा नवा कोबा टाकू म्हटलं तर नाही म्हणा. तेवढ्या कोब्याचं वजन चौरस मीटरला 200 किलोच्या आसपास जातं. घरकुलाच्या स्लॅबवर हे ओझं टाकायला मी तरी धजणार नाही.

आता न्हाणीमागची भिंत. मला हीच जास्त काळजीची वाटते, कारण इथं पाणी कधी थांबतच नाही. रात्री टाकी भरा, आतल्या बाजूला पाण्याच्या पातळीवर खूण करा, सगळे नळ बंद ठेवा आणि सकाळी बघा. पातळी उतरली तर नळाचा पाइप भिंतीत गळतोय. उघड्या सांध्यातून ठिबकत असेल तर खाली लिटरचं माप ठेवून घड्याळ लावा. दहा मिनिटांत लिटर भरलं तर दिवसाला 144 लिटर जातात. जल जीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला 55 लिटर धरलेत, म्हणजे अडीच माणसांचं पाणी भिंत पिते. जिथं नळ चार दिवसांआड येतो तिथं हे जिवावर येतं.

पातळी जागेवर असेल तर संशय सांडपाण्यावर. तीन दिवस आंघोळी आणि धुणं दुसरीकडं करा. नंतर बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ दाट कालवून न्हाणीच्या जाळीत ओता. बाहेरच्या बाजूला किंवा जोत्याशी निळसर ओल उमटली तर नहाणी ट्रॅपचा, म्हणजे जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याचा, सांधा सुटलाय. सगळी फरशी उखडू नका, जाळीभोवतीची फूटभर जागा उघडून ट्रॅप बसवून घ्या. आणि शोषखड्डा कुठं आहे तेही बघा. तो भिंतीला लागून असेल तर पाइप बदलूनही उपयोग नाही. आपली काळी माती पाणी लवकर जिरवत नाही, धरून ठेवते. मी खड्डा भिंतीपासून बारा फूट लांब नेला, तेव्हा कुठं जोतं कोरडं पडलं.

या काळ्या मातीचं अजून एक आहे. ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. भिंतीची भेग उन्हाळ्यात रुंद होत असेल आणि पावसाळ्यात मिटत असेल तर पाया हलतोय. अशी भेग बुजवून भागत नाही. घराभोवती दोन-तीन फुटांचा पक्का पट्टा, उतार बाहेरच्या बाजूला, आणि वळचणीचं पाणी पायाशी पडू न देणं, एवढं केलं की हालचाल बरीच कमी होते.

नळही ठीक, ट्रॅपही ठीक, तरी कमरेपर्यंत ओल आणि वर पांढऱ्या खाराची रेघ असेल तर पाणी जमिनीतून चढतंय. खात्री करायला भिंतीवर हातभर पॉलिथिनचा तुकडा चारी बाजूंनी टेपनं चिकटवा आणि दोन दिवसांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर ओल आतली, खोलीकडच्या बाजूला असतील तर ती हवेतली. जोत्यावर डीपीसीचा, म्हणजे जमिनीतली ओल अडवणारा, थर घातलेला नसला की असं होतं. बांधताना खारं पाणी वापरलं असेल तर आणखी वाईट, कारण मीठ हवेतलाही ओलावा ओढतं. सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात लिटरमागं 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड नसावं असं भारतीय मानकात लिहिलंय. आमच्या विहिरीचं पाणी कधी तपासलंच नव्हतं. तुमचा भाग गोड्या पाण्याचा असेल तर ही चिंता कमी.

अशा भिंतीला टाइल्स लावणं हे सगळ्यांत वाईट. पाण्याला बाहेर पडायला जागा उरत नाही, ते टाइल्सच्या वर चढतं. वर्षभरात छातीपर्यंत पोपडे दिसतील. सिमेंटचं प्लास्टर आणि पुट्टीही तेच करतात. पोपड्यांच्या वर फूटभर जाईपर्यंत प्लास्टर काढा. खार कोरड्या ब्रशनं झाडा, धुऊ नका, धुतलं की मीठ परत आत जातं. मग भिंत उघडी ठेवा. मिस्त्री लोकांचा अंदाज इंचाला महिना असा असतो, म्हणजे नऊ इंची भिंतीला नऊ महिने. दोन्ही बाजू उघड्या असतील तर लवकर. दिसायला वाईट दिसतं, पाहुणे विचारतात, तरी थांबा. वाळल्यावर चुन्याचा गिलावा करा आणि चुनाच मारा, त्यातून भिंत श्वास घेते.

स्वयंपाकघरावर टिनं आहेत असंही तुम्ही लिहिलंय. तिथं जे-हूक पत्र्याच्या उंच नाळीवर आहेत का तेवढं बघा. खोलगट नाळीत मारलेला प्रत्येक खिळा गळतो. रबरी वायसर कडक झाले असतील तर बदला.

तोवर धान्याच्या कोठ्या आणि कापूस भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर ठेवा. सातबारा, पासबुकं, पोरांचे दाखले पत्र्याच्या पेटीत टाका. तुमच्या महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला आणि भिंत पडली तर आवरण्याआधी फोटो काढा, तलाठ्याला लगेच कळवा आणि पंचनामा मागा.

टाकीवरची खूण उतरली का आणि नीळ कुठं उमटली, या दोन गोष्टी मला इथंच लिहून कळवा. त्यावरून पाइप बदलायचा का शोषखड्डा हलवायचा ते सांगता येईल. त्या दोन्ही मिस्त्र्यांना तोवर उचल देऊ नका.