अँटिबायोटिक घेतल्याने जंतू त्या औषधाला 'सरावतात' का?

नाही, एकेकटा जंतू औषधाला सरावत नाही. कोट्यवधींच्या गर्दीत जनुकातल्या अपघाती बदलामुळे टिकू शकणारे मोजके जंतू आधीच असतात, औषध बाकीच्यांना मारतं आणि मोकळ्या जागेत त्या मोजक्यांचीच प्रजा वाढते. जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या शास्त्रज्ञ दांपत्याने १९५२ मध्ये हे सिद्ध केलं: स्ट्रेप्टोमायसिन या अँटिबायोटिकचा स्पर्शही न झालेल्या जंतूंच्या वसाहतींत त्यांना प्रतिरोधक जंतू सापडले. नागपुरात धंतोलीतल्या लॅबमध्ये लघवीचे कल्चर रिपोर्ट बघताना या निवडीचा परिणाम मला नेहमी दिसतो. म्हणून कळकळीने सांगतो, साध्या सर्दीला मेडिकलमधून अँटिबायोटिक मागून आणू नका. विषाणूवर ते चालत नाही, पोटातल्या जंतूंत मात्र ही निवड घडवतं. फक्त एक, प्रतिकार दरवेळी वंशातूनच येतो असं नाही: त्याची जनुकं प्लाझ्मिडवरून (जंतूतल्या डीएनएच्या छोट्या, सुट्या कड्यावरून) एका जंतूकडून दुसऱ्याकडे, अगदी वेगळ्या जातीतही जातात.