थर्माकोलचे हृदय नको, बोकडाचे आणा

सातवीच्या मुलांना हृदय आणि फुफ्फुसे कृतीतून शिकवायला घरी कोणती मॉडेल करावीत, असे आपण विचारले आहे. मॉडेल करूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ती बहुधा पालक रात्री जागून करतात आणि मूल ती शाळेत नुसती उचलून आणते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवत असताना खाटकाला आदल्या दिवशी सांगून बोकडाची फुफ्फुसे श्वासनलिकेसकट आणि हृदय अखंड आणवले होते. सुरी लागलेले फुफ्फुस फुगत नाही. नलिकेत रबरी नळी घालून ती सुतळीने आवळली आणि सायकलचा पंप लावला (तोंडाने कधीही फुंकू नये). तो चेपलेला गोळा फिका गुलाबी होत टरारून फुगला आणि नळी सोडताच आपोआप आकसला. शांत बसलेले असताना उच्छ्वासाला वेगळा जोर लावावा लागत नाही, हे मुलांना न सांगता उमगले. हृदय कापल्यावर डाव्या निलयाची (हृदयाच्या खालच्या कप्प्याची) जाड आणि उजव्याची पातळ भिंत त्यांनी चिमटीत धरून पाहिली, तेव्हा सबंध शरीराला रक्त कोण ढकलते, हे विचारावेही लागले नाही.

आमच्या मुख्याध्यापकांना मात्र हे शाळेला अशोभनीय वाटले. तपासणीला अधिकारी आले की कपाटात दाखवायला मॉडेल हवे, ही त्यांची खरी अडचण होती. फुफ्फुस कपाटात राहत नाही, हे मला मान्य आहे.

पालकांना आधी विचारावे, नको म्हणणाऱ्या मुलावर सक्ती करू नये आणि नंतर सर्वांना साबणाने हात धुवायला लावावेत. शाकाहारी घरांतील मुलांना मनगटावर नाडीच्या जागी मातीच्या गोळीत काडी खोचून तिचे हलणे मोजता येते. बोकडावरून माणूस सांगताना जपावे लागते, कारण फुफ्फुसांचे खंड दोघांत सारखे नसतात. प्राचीन रोमन काळातील वैद्य गेलेनने प्राण्यांवरून माणसाच्या खालच्या जबड्याची दोन हाडे सांगितली होती. ते हाड एकच असल्याचे शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसॅलियसने 1543 मध्ये दाखवले.

तरीही विज्ञान दिनाच्या स्पर्धेत मांडलेल्या थर्माकोलच्या हृदयांपैकी किती हृदयांत डाव्या निलयाची भिंत जाड केलेली असते, हे परीक्षकांनी एकदा मोजून पाहावे.