बॉयकॉट, बहिष्कार आणि वाळीत टाकणं

प्रश्न असा आहे: ‘बॉयकॉट’ हा शब्द खरंच कुणाच्या आडनावावरून आला का, आणि मराठीत त्याला बहिष्कार म्हणावं की वाळीत टाकणं?

आडनावावरूनच आला. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी. कुळं खंडात सूट मागत होती. सप्टेंबर 1880मध्ये त्यानं त्यांना जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा धाडल्या आणि गावानं त्याच्याशी व्यवहारच तोडला. गडीमाणसं निघून गेली, धोबीण येईना, लोहार काम करीना, जवळच्या बॅलिनरोबचे दुकानदार जिन्नस देईनात. शेतातलं पीक काढायला आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातून 50 माणसं आणावी लागली, त्यांच्या रक्षणाला शेकडो शिपाई. पीक सुमारे 500 पौंडांचं, खर्च 10,000 पौंडांच्या घरात! डिसेंबर उजाडताच बॉयकॉटनं आयर्लंड सोडलं.

शब्द जन्मला तो प्रसंग मला फार आवडतो. या प्रकाराला ‘ऑस्ट्रसाइझ’ म्हणावं तर कुळांना कळणार नाही, अशी अडचण निघाली. तो शब्द प्राचीन अथेन्सचा. तिथं खापरीवर नाव कोरून माणसाला 10 वर्षं हद्दपार करत. तेव्हा स्थानिक पाद्री जॉन ओ’मॅली यांनी सुचवलं, ‘बॉयकॉट करणे’ म्हणा. पुढे जर्मन, फ्रेंच, रशियन भाषांनीही तोच शब्द घेतला.

आता मराठी. त्या कॅप्टनवर जे ओढवलं, ते बाहेरून पाहता थेट वाळीत टाकणंच. ‘वाळणे’ म्हणजे वगळणे, टाकून देणे, हे जुनं क्रियापद त्यामागे आहे. तरी तो शब्द मी इथे वापरणार नाही. आपल्याकडे जात किंवा गाव एखाद्या दुबळ्या घराला वाळीत टाकतं. मेयोत दुबळ्या कुळांनी कारभाऱ्याला एकटं पाडलं. जोर उलट्या बाजूनं लागला.

‘बहिष्कार’ हा शब्दही मुळात जातीबाहेर काढण्याचाच, बॉयकॉटच्या कितीतरी आधीचा. 1905च्या वंगभंगानंतर टिळकांच्या चतुःसूत्रीत तो स्वदेशीच्या जोडीला बसला आणि त्याला प्रतिकाराचा अर्थ चिकटला. म्हणून आज माणसाला वाळीत टाकतात, पण मालावर, मतदानावर बहिष्कार घालतात. जातपंचायतींना आवर घालणाऱ्या महाराष्ट्राच्या 2016च्या कायद्याला मात्र ‘सामाजिक बहिष्कार’ असं म्हणावं लागलं. नुसता ‘बहिष्कार’ शब्द तिथे पुरला नसता.