सिनॉप्टिक म्हणजे सारांश नव्हे!

बायबलच्या नव्या करारातली येशूची पहिली तीन चरित्रं, मत्तय, मार्क आणि लूक यांची, म्हणजे 'सिनॉप्टिक गॉस्पेल्स'. त्यांना मराठीत 'सारांश शुभवर्तमाने' म्हणावं का, आणि त्यांत आधीचं कोणतं, असा प्रश्न आला आहे. म्हणू नये! सिनेमावाल्यांनी सिनॉप्सिस म्हणजे गोषवारा हे इतकं रुळवलंय की दुसरा अर्थ कुणाला सुचतच नाही.

ग्रीकमध्ये 'सिन्' म्हणजे सोबत, 'ऑप्सिस' म्हणजे पाहणं. ग्रीसबाख या जर्मन पंडिताने १७७६ मध्ये मत्तय, मार्क, लूक यांची सिनॉप्सिस छापली: शेजारशेजारच्या रकान्यांत, एका नजरेत ताडून पाहता यावेत म्हणून. वेधशाळेचे सिनॉप्टिक नकाशेही असेच. ठिकठिकाणची एकाच वेळची हवा एकत्र दाखवणारे.

आता खरी मौज. 'ऑप्सिस' आणि आपलं 'अक्षि' एकाच घराण्यातले. 'ईक्ष्'सुद्धा त्याच गोतातला. म्हणजे सिनॉप्सिस ही जवळजवळ 'समीक्षा'च की! फक्त 'सिन्' आणि 'सम्' यांना सख्खे भाऊ करू नका. 'सम्'चा ग्रीक नातलग 'होमो-' आहे. पण समीक्षेचं आज जे झालंय, त्यामुळे तो शब्द इथे चालणार नाही. काही जण 'समदर्शी' सुचवतात. समदर्शी गीतेतला पंडित, गाय-हत्ती-कुत्रा सारखेच मानणारा! इथे तर फरक शोधायचे आहेत. माझं मत 'सहदर्शी'ला.

'सारांश' म्हटलं की 'आधी कोण' या जुन्या भांडणात नकळत बाजू घेतली जाते. ऑगस्टिन या प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडिताच्या मते मार्क हा मत्तयला आटोपशीर करणारा. मग येशूने जिवंत केलेल्या याइराच्या मुलीची गोष्ट काढा. मार्कमध्ये २३ ओव्या, मत्तयमध्ये ९. त्याच गोष्टीत मध्येच, वैद्यांपायी सगळा पैसा घालवलेली आजारी बाई मार्कमध्ये भेटते. मत्तयमध्ये बाई आहे, वैद्य गायब. गोषवारा मुळाहून लांब कसा? येशूच्या काळच्या गालीलच्या शासकाचं, हेरोदाचंही तेच. मार्क त्याला सरसकट राजा म्हणतो. मत्तय चौदाव्या अध्यायाच्या आरंभी नेमकेपणाने मांडलिक म्हणतो आणि नवव्या ओवीत त्याचाही 'राजा' होतो. समोरच्या मार्कच्या पोथीतला शब्द लेखणीत उतरला, दुसरं काय!

म्हणून बहुतेक अभ्यासक मार्कला पहिला मानतात. १९६४ मध्ये विल्यम फार्मर या अमेरिकन अभ्यासकाने उलट बाजू पुन्हा हिरिरीने मांडली, पण याइराची गोष्ट मला काही सोडत नाही. आणि हो, ही उलट बाजू ग्रीसबाखच्याच नावाने ओळखली जाते. तोही मार्कला शेवटचा, इतर दोघांवरून बेतलेला मानायचा. तरी सिनॉप्सिस म्हणाला ते तीन रकान्यांना, मार्कला नव्हे.